शोरूमपुढचा रस्ता आपला नव्हे: खडबडीत रस्त्यासाठी इलेक्ट्रिक दुचाकी कशी निवडावी

साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास नव्या इलेक्ट्रिक स्कूटरवर एक चक्कर मारली की ती कुणालाही आवडते. आवाज नाही, गिअर नाही, मूठ पिळली की पळते. पण ती चक्कर असते दीड किलोमीटरची आणि गुळगुळीत डांबरावरची. तीच गाडी ऊस वाहतुकीच्या दिवसांत परळी खोऱ्यात नेली, म्हणजे तिचा स्वभाव कळतो.

मी हे पैसे मोजून शिकलो. पहिली गाडी घेताना रेंज, म्हणजे एका चार्जिंगला किती पळते ते, बघितली, रंग बघितला, हप्ता बघितला. चाक तेवढं बघितलं नाही. दहा इंची चाकाची ती गाडी आठ महिन्यांत मेव्हण्याला देऊन टाकली. तो पेठेत राहतो, दुकान ते घर एवढाच त्याचा पल्ला, त्याला ती झकास चालते. गाडीत खोट नव्हती. पेठेतली गाडी मी खोऱ्यात नेली होती.

ही चूक तुमची होऊ नये म्हणून कोणत्या क्रमानं काय बघायचं ते लिहितो.

आधी आपला रस्ता कागदावर मांडा

शोरूममध्ये जायच्या आधी एक आठवडा आपल्या सध्याच्या गाडीवर लक्ष ठेवा. रोज किती किलोमीटर होतात, त्यातले खराब किती, मागे कोण बसतं, सामान काय असतं, सगळ्यात मोठा चढ कोणता, रात्री गाडी कुठं लागते. एवढं वहीच्या एका पानावर मावतं.

आपल्या जिल्ह्यात हे पान तालुक्यागणिक बदलतं. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माण-खटावकडे पाचशेच्या आसपास. मेढ्याकडच्या माणसाला शेवाळ, चिखल आणि घाट. दहिवडीकडच्याला फुफाटा, सुटी खडी आणि लांबचलांब पल्ले. कोरेगाव, कराडच्या ऊसपट्ट्यात ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. गळीत हंगामात दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावरून दुचाकी चालवणं म्हणजे बांधावरून चालल्यासारखंच. त्यामुळं ‘खराब रस्त्याला कोणती गाडी चांगली?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठला खराब रस्ता?

बिनलायसन्सची गाडी चढाला घेऊ नका

हा मुद्दा पटकन संपवतो. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या आणि २५० वॅटच्या आतल्या मोटरच्या हलक्या गाड्यांना नोंदणी आणि लायसन्स लागत नाही, म्हणून नवी माणसं तिकडं वळतात. सपाट गावात त्या ठीक. पण हिशेब करा. गाडी आणि माणूस मिळून १५० किलो धरा आणि दर १०० मीटरला १० मीटर चढणारा रस्ता धरा. तिथं २५० वॅटमध्ये ताशी पाच-सहा किलोमीटरचा वेग निघतो, म्हणजे चालत्या माणसाची बरोबरी. मोटर थोडा वेळ जास्त ताकद देते हे खरं, पण घाट थोडा वेळ नसतो. यवतेश्वरच्या रस्त्यावर अशी गाडी ढकलताना मी बघितली आहे.

तेव्हा नोंदणीची, हिरव्या नंबरप्लेटची गाडीच धरून पुढं चला.

चाक: इथं वेळ घालवा

टायरवर ९०/९०-१२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. शेवटचा म्हणजे रिमचा व्यास, इंचात. शेवटचा आकडा सगळ्यात आधी वाचा.

मोठं चाक खड्ड्यावरून जाताना कमी आत उतरतं. २० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा घेतला, तर १० इंची रिमचं चाक त्यात साधारण २४ मिलिमीटर उतरतं, १२ इंची साधारण २३, आणि मोटरसायकलचं १७ इंची चाक साधारण १७. म्हणजे १० वरून १२ वर गेल्यानं या हिशेबात फार काही हाती लागत नाही. खरी उडी १७ ला आहे. मग माझी दहा इंची गाडी एवढी का आपटायची? एक तर त्या गाडीचं सगळंच लहान होतं, शॉकअपसुद्धा आखूड. आणि खड्ड्याची कड उभी असेल तर लहान चाक तिच्यावर चढत नाही, धडकतं. फुटलेल्या डांबराच्या कडेवर हा फरक मनगटाला कळतो.

बाजारात बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरना १२ इंची चाकं आहेत. रिव्हरच्या इंडीला १४ इंची आहेत. रिव्हॉल्टची आरव्ही ४०० ही मोटरसायकल, तिला १७ इंची. नावं उदाहरणादाखल घेतली, शिफारस म्हणून नव्हे. मॉडेल दर वर्षी बदलतात, खरेदीच्या दिवशी टायरवरचा आकडा स्वतः वाचा.

माझं मत विचाराल, तर रोजच्या पल्ल्यात निम्म्याहून जास्त कच्चा किंवा उखडलेला रस्ता असेल आणि मागं साडी नेसून बसणारं कुणी नसेल, तर मोटरसायकलच्या बांध्याची इलेक्ट्रिक गाडी घ्या. गुडघ्यांनी टाकी धरता येते, त्यानंच निम्मी स्थिरता येते. घरात सगळ्यांनी चालवायची असेल, दुधाची किटली किंवा खताची पिशवी पायाशी ठेवायची असेल, तर स्कूटर. पण मग चाक १२ च्या खाली नको.

रुंद टायरचा मोह आवरा. थोडा रुंद टायर सुट्या खडीवर बरा, पण कंपनीनं दिलेल्यापेक्षा बराच जाड टायर नंतर बसवला तर वळताना गाडी जड लागते आणि बॅटरीही जास्त खाते. ट्यूबलेस मात्र हवाच.

शॉकअप आणि मोटरची जागा

बसून एकदा उड्या मारल्या की शॉकअप कळले, असं समजू नका. मऊ शॉकअप शोरूममध्ये फसवतात. एकट्यानं बसल्यावर गादीसारखे वाटतात, दोघं बसून स्पीडब्रेकर ओलांडला की ठाक्कन आवाज येतो, म्हणजे ते तळाला टेकले. उलट दणकट शॉकअप ५० किलोच्या माणसाला मणक्यात ठोसे मारतात. तुमचं वजन आणि मागच्याचं वजन धरूनच बघायचं.

एक सोपी तपासणी आहे. गाडी उभी धरा, मागच्या शॉकअपचा दिसणारा दांडा टेपनं मोजा. मग रोज जेवढी माणसं बसतात तेवढी बसवून पुन्हा मोजा. शॉकअप एकूण जेवढा दबू शकतो, त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतका दबला तर ठीक. अजिबात दबला नाही तर तुमच्यासाठी कडक, अर्ध्याहून जास्त गेला तर खड्ड्यासाठी काही शिल्लकच राहिलं नाही. काही शॉकअपना खाली खाचांची कडी असते, ती फिरवून स्प्रिंगचा ताण कमीजास्त करता येतो. ही सोय आहे का, ते विचाराच.

आता मोटर. काही गाड्यांत ती थेट मागच्या चाकातच बसवलेली असते, हब मोटर म्हणतात. टीव्हीएसच्या आयक्यूबमध्ये तशी आहे. काहींत मोटर गाडीच्या मध्यभागी असते आणि बेल्टनं किंवा साखळीनं चाक फिरवते. एथर ४५० मध्ये बेल्ट आहे. खड्ड्यात चाक वर उडतं तेव्हा हब मोटरचं वजनही त्याच्याबरोबर उडतं. चाक जितकं जड, तितकं शॉकअपला ते आवरणं अवघड, आणि गाडीची मागची बाजू खडखड जास्त करते. मधल्या मोटरचं वजन स्प्रिंगच्या वर राहतं, म्हणून खराब रस्त्यावर ती उजवी.

पण लगेच हब मोटरला फुली मारू नका. तिच्यात बेल्ट नाही, साखळी नाही, चिखल अडकायला जागा नाही, देखभाल जवळपास शून्य. बेल्टमध्ये खडा जाऊ नये म्हणून नीट झाकण आहे का हे वाकून बघावं लागतं. आणि चांगल्या शॉकअपची हब मोटरवाली गाडी ही रद्दी शॉकअपच्या मधल्या मोटरवाल्या गाडीपेक्षा कधीही बरी. एक अडचण ध्यानात ठेवा: हब मोटरचं चाक काढायचं तर वायरी सोडवाव्या लागतात. गावातला पंक्चरवाला त्याला हात लावायला कचरतो. ट्यूबलेस हवाच म्हटलं ते याचसाठी, बाहेरून पट्टी घालून काम भागतं.

वजन कुठं आहे ते बघा

या गाड्या बहुतेक शंभर किलोच्या वरच असतात आणि त्यात बॅटरीचा वाटा मोठा. बॅटरी पायाखाली, फळीच्या आत असेल तर वजन खाली राहतं, हळू वेगात गाडी हेलकावत नाही. सीटखाली असेल तर वजन जरा वर आणि मागं जातं. मागं दोन पिशव्या टांगल्या की हँडल हलकं होतं, खडीवर पुढचं चाक भरकटतं. म्हणूनच जड सामान नेहमी पायाशी ठेवा, मागं बांधू नका. वीस लिटरची किटली घेऊन जाणाऱ्यानं सपाट फळीच बघावी; मध्ये उंचवटा असलेल्या फळीवर किटली डुगडुगते.

पायाखाली बॅटरी असली की दुसरी काळजी: गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे. माहितीपत्रकात १५० ते १७० मिलिमीटरच्या आसपास आकडे दिसतात, पण ते रिकाम्या गाडीचे. दोघं बसल्यावर पोट खाली येतं. घराकडच्या सगळ्यात माजोरड्या स्पीडब्रेकरवर दोघांनी बसून हळू जा, घासतंय का ऐका. त्या पोटात तुमची सगळ्यात महागडी वस्तू आहे.

वाड्यात किंवा दुसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि गाडी बोळात लागत असेल, तर काढता येणारी बॅटरी सोयीची. हिरोच्या विडा व्ही१ मध्ये तशा दोन बॅटऱ्या यायच्या. मात्र दहा-बारा किलोचं ओझं रोज जिना चढवणार कोण, हे घरात आधी ठरवा. आमच्याकडं हा प्रश्न दोन दिवस चालला.

घाटाचा हिशेब

जाहिरातीतली रेंज ठरावीक चाचणीच्या चक्रात मोजलेली असते. आपल्या रस्त्यावर तिच्या दोनतृतीयांश ते पाऊणपट धरा, आणि खाली उरलेला दहा-पंधरा टक्क्यांचा भाग नाहीच असं समजा.

चढ किती खातो ते बघू. कास पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर, आणि शहरापेक्षा साधारण ५०० मीटर उंच. गाडी ११५ किलो, दोघं मिळून १४०, थोडं सामान, म्हणजे २६० किलो. एवढं वजन ५०० मीटर वर उचलायला सुमारे ०.३५ युनिट लागतात. मोटरमधली तूट धरून अर्ध्या युनिटच्या जवळ जा. त्यात २५ किलोमीटर चालण्याचं सुमारे पाऊण युनिट घाला. झाले सव्वा युनिट. बॅटरी तीन युनिटची असेल तर पठारावर पोहोचेपर्यंत चाळीस टक्के गेली. उतरताना फार कमी लागते, म्हणून जाऊन-येऊन जमतं. पण तिथून पुढं बामणोलीला उतरून परत चढायचं ठरवलं तर हिशेब पुन्हा मांडा.

विक्रेता ‘२० चा चढ चढते’ म्हणाला तर विचारा, २० काय? २० टक्के म्हणजे शंभर मीटरला वीस मीटर वर, ते अंशांत ११ च भरतात. २० अंश म्हणजे जवळपास ३६ टक्के. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक, आणि माहितीपत्रकात दोन्ही सापडतात.

लांब चढावर मोटर आणि कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारा भाग) तापले की गाडी स्वतःहून ताकद कमी करते. हा बिघाड नाही, बचाव आहे. पण ते किती लवकर होतं हे गाडीगणिक वेगळं, आणि ते घाटातच कळतं.

उताराबद्दल कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट. मूठ सोडली की मोटर उलट काम करून वेग कमी करते आणि थोडी वीज बॅटरीत परत घालते. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागाच नसते आणि ही अडवणूक ढिली पडते. पाचगणीला राहणारा माणूस रात्रभर चार्ज करून सकाळी पसरणी घाट उतरायला लागला, तर पहिल्या वळणावर गाडी रोजच्यापेक्षा सैल पळते आणि तो दचकतो. घाटाच्या डोक्यावर घर असलेल्यांनी ऐंशी-नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं. शिवाय ही अडवणूक मागच्या चाकावर येते, त्यामुळं सुट्या खडीवर ती जास्त असेल तर मागचं चाक घसरतं. ती कमीजास्त करता येते का, विचारून घ्या. पुढं डिस्क ब्रेक असावा.

चाचणी आपल्या रस्त्यावर

‘साहेब, इथंच एक राऊंड मारा’ यावर थांबू नका. सकाळी लवकर, गिऱ्हाईक नसताना जा, रोज मागं बसणारं माणूस बरोबर न्या, आणि शोरूमच्या माणसाला सरळ सांगा की खराब रस्त्यावर चालवल्याशिवाय पैसे देणार नाही. बहुतेक जण तयार होतात, एखादा पोरगा दुसऱ्या गाडीवर सोबत येतो. कुणी अगदीच नाही म्हणालं तर ओळखीत त्या गाडीचा मालक शोधा. साताऱ्यात दोन फोन केले की सापडतो.

माझी पद्धत अशी. आधी चालण्याच्या वेगानं अरुंद जागेत वळवून बघतो. मूठ जराशी पिळल्यावर गाडी झटका देत असेल तर चिखलात ती घसरणार. मग सुट्या खडीवर ताशी वीसनं, हात सैल ठेवून; हँडल थोडं हललं तर चालतं, वळवळत राहिलं तर नको. मग दोघं बसून चढावर मधेच थांबतो आणि पुन्हा निघतो. गाडी मागं सरकते का, निघताना कुरकुरते का? मग उखडलेल्या पट्ट्यात मुद्दाम एकदा खड्डा चुकवत नाही. हा क्षण जिवावर येतो, पण पुढची पाच वर्षं तोच रोज येणार आहे.

शेवटी मागच्या माणसाला विचारा. चालवणारा खड्डा बघून सावध होतो, मागच्याला तो अचानक मिळतो. आमच्या घरी दोन गाड्यांत मला एक आवडली होती, बायको म्हणाली ‘पायाला टेकू कुठंय?’ तिचे पाय मागच्या फुटरेस्टवर न टेकता लोंबकळत होते आणि खड्ड्यात ती दोन्ही हातांनी मलाच धरत होती. दुसरी घेतली.

सीट मऊ असली म्हणून हुरळून जाऊ नका. दहा मिनिटांत मऊ वाटणारी गादी पाऊण तासात तळाला बसते. जरा कडक, रुंद सीट लांब पल्ल्याला बरी.

पाणी, वीज आणि कागद

बॅटरी आणि मोटरला आयपी६७ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून चाचणी झाली आहे. ओढ्याच्या वाहत्या पाण्यातून रोज जा असा त्याचा अर्थ नाही. धुताना प्रेशरचा फवारा चार्जिंगच्या तोंडावर आणि वायरींच्या जोडांवर मारू देऊ नका. धुलाईवाल्याजवळ उभं राहून सांगावं लागतं. बॅटरी एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाच्या सुधारित नियमांत बसते का हेही विचारा. ते नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले, त्याआधी बनलेली पडून राहिलेली गाडी स्वस्तात मिळत असेल तर सोडून द्या.

घरी १५ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग आधी करून घ्या. रोज ३० किलोमीटर चालवली तर महिन्याला तीसेक युनिट वाढतात. घरचं बिल शंभर युनिटांच्या आत राहत असेल तर ते वरच्या दराच्या टप्प्यात जातं का, हे महावितरणच्या जुन्या बिलावर ताडून बघा.

वॉरंटी लेखी घ्या, आणि त्यात ‘खालून मार लागल्यास’ काय लिहिलं आहे ते वाचा. खराब रस्त्यावर चालवणाऱ्याला तीच ओळ उपयोगी. आणि सर्व्हिस सेंटर साताऱ्यात आहे, कराडात आहे की थेट पुण्यात, हे गाडी घ्यायच्या आधी तिथं प्रत्यक्ष जाऊन बघा. बाहेर किती गाड्या धूळ खात उभ्या आहेत ते मोजलं तरी बरंच कळतं.

घेतल्यावर पहिला महिना

हवा. पंपावर किंवा गॅरेजवर पोरगं विचारतं, ‘किती भरू?’, आणि आपण सांगायच्या आत पुढं-मागं सारखीच टम्म भरून मोकळं होतं. जास्त हवेचा टायर दगडावरून चेंडूसारखा उडतो आणि आपण शॉकअपला शिव्या घालतो. गाडीवर किंवा पुस्तकात पुढची-मागची हवा वेगवेगळी लिहिलेली असते, एकट्याची आणि दोघांची वेगळी. शंभर-दोनशे रुपयांचं मापक डिकीत ठेवा आणि आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना बघा.

खराब पट्टा आला की इको मोडवर टाका, वेग आधीच कमी करा, आणि खड्ड्यात असताना ब्रेक धरू नका. ब्रेक धरला की पुढचे शॉकअप आधीच दबलेले असतात. ढुंगण सीटवरून बोटभर उचलून पायांवर भार घेतला तर स्कूटरवरही निम्मा धक्का गुडघे खातात.

पाचशेएक किलोमीटर झाले की पहिल्या सर्व्हिसला हँडलचं बेअरिंग, शॉकअपचे बोल्ट आणि चाकाचे नट आपल्यादेखत आवळून घ्या. आवळणाऱ्याला रस्ता कुठला ते सांगा, म्हणजे तो जरा मनापासून पान्हा फिरवतो.